गच्चीवरून स्मॉलमाउथ

माझा मुलगा दर रविवारी संध्याकाळी सातला फोन करतो आणि सात वाजून चार मिनिटांनी ठेवतो. तक्रार नाही. आमच्या सोसायटीत अशीही आईबाप मंडळी आहेत ज्यांना दिवाळीलासुद्धा फोन येत नाही, आणि तरी ती लिफ्टमध्ये "बेटा बहुत बिझी है" असं अभिमानाने सांगत फिरतात. पण चार मिनिटं म्हणजे चारच. "बाबा, जेवलात?" संध्याकाळी सातला कोण जेवतं? "औषध घेतलं?" घेतलं. "पोल्यूशन कसंय?" आहे. "ओके, काळजी घ्या." संपलं.

प्रमोदिनी, म्हणजे माझी बायको, होती तेव्हा रविवारचा फोन तिचा होता. ती तास-तासभर बोलायची आणि शेवटी फोन माझ्या हातात कोंबायची. मी "काय, ठीक ना सगळं?" म्हणून तो परत तिच्याकडे द्यायचो. तिला जाऊन दोन वर्षं झाली. ती गेल्यावर तिची साडेतीनशे पुस्तकं, शिवणयंत्र आणि हा फोन माझ्याकडे आला. पहिल्या दोन गोष्टींचं मी काहीतरी केलं.

मी सूर्यकांत कर्णिक, वय एकाहत्तर, केंद्र सरकारातून उपसचिव म्हणून निवृत्त. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांनी लिहिलेले मसुदे दुरुस्त केले. मसुदा कितीही चांगला असो, तो माझ्या टेबलावरून तसाच पुढे गेला असं एकदाही घडलं नाही. मयूर विहारातल्या या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आता दुरुस्त करायला मीच उरलोय, आणि माझ्यात सुधारणेला फारसा वाव नाही.

मुलगा अविनाश. चाळीस पूर्ण. कॅनडात किचनेर नावाच्या गावी असतो. नावावरून मला वाटलं होतं तिथे निदान जेवणाची सोय बरी असेल. त्याची बायको नीला फेब्रुवारीपासून फोनवर दिसली नव्हती. आधी ती "झोपलीय" होती, मग "ऑफिसचं काम" होतं, मग मी तिचं नाव घेणं सोडलं. काहीतरी बिनसलं होतं हे न कळायला मी दूधखुळा नाही. पण असले प्रश्न आमच्या घरात प्रमोदिनी विचारायची. मला फक्त एवढंच हवं होतं की त्याने आपणहून मला सांगावं. चार मिनिटांत कोण काय सांगणार?

एप्रिलमधल्या एका रविवारी मला त्याच्या पाठीमागे भिंतीला टेकवलेली एक लांब काठी दिसली.

"ते काय रे? पडद्याची दांडी पडली का?"

"नाही बाबा, फिशिंग रॉड आहे. घेतला परवा."

"मासे पकडतोस?"

"सीझन जूनच्या शेवटाला उघडतो. स्मॉलमाउथ बासचा. तोपर्यंत प्रॅक्टिस."

आता, आम्ही कायस्थ. मूळ पेणकडचे. मासा मी आयुष्यभर खाल्ला, दिल्लीत राहून आयएनए मार्केटपर्यंत बस बदलून जाऊन खाल्ला, पण पकडला कधीच नाही. मी सहज विचारलं, "लागतो कसा चवीला?" अविनाश हसला. म्हणाला, "खात नाही कोणी, बाबा. पकडायचा आणि सोडून द्यायचा." मी म्हटलं, "मग पकडायचा कशाला?" आणि या प्रश्नाचं उत्तर देता देता तो अडतीस मिनिटं बोलला. मी घड्याळ बघितलं होतं. अडतीस.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खुर्चीत तसाच बसून होतो. मग उठून दिवा लावला, कुकर चढवला आणि ठरवलं की हा मासा आपल्याला नीट माहीत असलाच पाहिजे.

त्यानंतरचे दोन महिने मी जो अभ्यास केला तसा सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेलाही केला नव्हता, बहुधा म्हणूनच तेव्हा नापास झालो. स्मॉलमाउथ हा वाहत्या, स्वच्छ, खडकाळ नदीतला मासा. खाण्यात मुख्यतः क्रेफिश, म्हणजे आपल्या शेवंडाचं बारकं, गोड्या पाण्यातलं भावंड. ते तळाशी दगडांमधून सरपटतं, म्हणून आमिषही तळाशी सरपटवायचं. आमिष खोटं, त्याला ल्यूर म्हणतात. रबराचा तुकडा, लाकडाचा मासा, पत्र्याची चकती, हजार प्रकार. पाणी नितळ असेल तर रंग मातकट, शेवाळी. पाणी गढूळ असेल तर भडक नाहीतर अगदी काळा. काठी सात फुटी, हलकी, टोकाशी लवचीक आणि बाकी ताठ, कारण मासा आमिष चिमटीत धरल्यासारखं धरतो आणि ते बोटांना कळायला हवं. दोरा विणलेला, बारीक. त्याच्या टोकाला हातभर फ्लोरोकार्बन नावाचा पारदर्शक धागा, कारण माशाला डोळे असतात.

हे सगळं नुसतं वाचून अविनाशशी बोलणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं असतं. म्हणून मी एक काठी मागवली. रीळ मागवलं. रबरी आमिषांची तीन पाकिटं मागवली. दार उघडायला गेलो तर समोरच्या फ्लॅटमधल्या मीनाक्षी अय्यर स्वतःच्या दारात दूध घेत उभ्या होत्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका, त्यामुळे कुठल्याही पार्सलची चौकशी करण्याचा अधिकार त्यांना जन्मसिद्ध वाटतो.

"इतना लंबा क्या मँगाया, कर्णिक साहब? परदे का रॉड?"

"मछली पकडने का," मी म्हणालो.

"यमुना में?" त्या म्हणाल्या. "उसमें तो मछली आपको पकडके बाहर निकालेगी, कि भैया मुझे भी ले चलो."

यमुनेचा प्रश्नच नव्हता. मी गच्चीवर सराव करायचो, सकाळी साडेसहाला, पाण्याच्या टाक्यांमध्ये जो मोकळा पट्टा आहे तिथे. आकड्याचं टोक पक्कडीने तोडून टाकलं होतं. पंधरा पावलांवर एक प्लास्टिकचा टब ठेवायचा आणि आमिष नेमकं त्यात टाकायचं. काठी मागे न्यायची, झटका मनगटाचा, खांद्याचा नाही, आणि बोटाने दोरा योग्य क्षणी सोडायचा. पहिल्या आठवड्यात मी दोनदा डिश अँटेना पकडला आणि एकदा मिसेस सक्सेनांची चादर. सोसायटीच्या सेक्रेटरीने नोटीस लावली: छतावर "कोणत्याही प्रकारची शिकार" मना आहे. नोटिशीत दोन चुका होत्या. त्या मी पेन्सिलीने दुरुस्त केल्या.

आमिषाची चाल बघायला मी बाथरूममधली मोठी बादली वापरली. एक बारीक रबरी तुकडा असतो, तो चपट्या डोक्याच्या शिशाच्या आकड्याला लावायचा. अंगठ्याच्या पेराएवढा, दिसायला अगदीच भिकार. पण तळाला टेकला की त्याचा मागचा भाग आपोआप वर उभा राहतो, क्रेफिशने नांग्या उगारल्यासारखा. मी दोरा हलकेच ओढायचो, तो चार बोटं पुढे सरकायचा, थांबायचा आणि पुन्हा उभा राहायचा. स्टुलावर बसून मी हे तासभर बघत बसायचो. एकदा मी "बघ, बघ" असं मोठ्याने म्हणालो आणि मग लक्षात आलं की घरात कोणी नाही. त्या दिवशी बादली लवकर रिकामी केली.

पण रविवार! रविवार पार बदलले. चाळीस मिनिटं, पंचेचाळीस, एकदा तर एक तास सात मिनिटं. अविनाश मला नदीचे फोटो पाठवायचा. दगड कुठे आहेत, धार कुठे वळते, सावली कुठे पडते, ते मला सांगायचा. आणि मे महिन्याच्या शेवटी त्याने मला विचारलं, "बाबा, तुम्हाला काय वाटतं? पोकळ ट्यूब वापरू की ते छोटं रबरवालं?" त्याने माझं मत विचारलं होतं. दहावीनंतर सायन्स की कॉमर्स, हे विचारलं होतं त्यानंतर थेट आत्ता. तेव्हाही मत दिल्यावर आठ दिवस बोलला नव्हता, पण ते मला त्या क्षणी आठवलं नाही.

मी त्याला लेखी उत्तर पाठवलं. विषय: ग्रँड नदीतील स्मॉलमाउथसाठी साधनांची निवड. परिच्छेद एक, पार्श्वभूमी. परिच्छेद दोन, उपलब्ध पर्याय, अ ते ई. परिच्छेद तीन, शिफारस. त्याने मागच्या आठवड्यात घेतलेल्या रीळमध्ये काय खोट आहे ते परिशिष्टात. उत्तरादाखल अंगठा आला. पुढच्या आठवड्यात त्याने जोराच्या धारेत उभं राहून आमिष टाकतानाचा व्हिडिओ पाठवला, तेव्हा मी कळवलं की मनगट ठीक आहे पण पाय चुकीचे आहेत, आणि आमिष प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकून धारेबरोबर वाहू द्यायला हवं, तो आडवं ओढतोय. पुन्हा अंगठा. मला वाटलं, शिकतोय. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि मी तर ठणठणीत होतो.

जुलैचा दुसरा रविवार. सात वाजता फोन आला. अविनाशने दाढी केली नव्हती. पाठीमागची खोली मला नेहमीपेक्षा मोकळी वाटली. पुस्तकांचं एक कपाट गेलं होतं.

"काल गेलो होतो नदीवर," तो म्हणाला. "एकदम पहाटे. कोणीच नव्हतं, बाबा. मी गुडघाभर पाण्यात. एक मोठा मासा ल्यूरच्या मागे मागे आला, अगदी माझ्या पायापर्यंत. बघितलं त्याने माझ्याकडे आणि वळला. मग ल्यूर दगडात अडकून तुटला. दुसरा बांधायला घेतला, आणि यार... बांधताच येईना. हात थरथरत होते माझे. वीस मिनिटं झाली असतील. मी नुसता उभा होतो पाण्यात, दोरा हातात घेऊन."

एवढं बोलून तो थांबला. माझ्याकडे बघत थांबला.

आणि मी, सूर्यकांत कर्णिक, निवृत्त उपसचिव, काय विचारावं? मी विचारलं, "गाठ कुठली बांधत होतास?"

तो म्हणाला, "क्लिंच."

"हां! तीच तर चूक. फ्लोरोकार्बनला क्लिंच निसटते. पालोमार बांधायची. थांब, दाखवतो." मी उठलो, काठी आणली, चष्मा बदलला आणि कॅमेऱ्यासमोर बसून गाठ दाखवली. दोरा दुहेरी करून आकड्याच्या नाकातून न्यायचा, साधी गाठ मारायची, फासा मोठा ठेवून अख्खा आकडा त्यातून बाहेर काढायचा, मग थुंकीने ओलं करून घट्ट करायचं. कोरडं ओढलं तर धागा तापतो आणि कमजोर होतो. माझे हात अजिबात थरथरले नाहीत. मला त्याचा अभिमानही वाटला, देवाशपथ.

"दिसलं ना नीट? परत दाखवू?"

"नको बाबा. दिसलं. बरोबर आहे तुमचं."

फोन अकरा मिनिटांत संपला. मी खुशीत होतो. पोराची अडचण होती, ती मी सोडवली होती.

पुढच्या रविवारी चार मिनिटं. जेवलात, औषध, पोल्यूशन, काळजी घ्या. मी विचारलं, "नदीवर?" तो म्हणाला, "नाही झालं जाणं." त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा चार, आणि पाठीमागच्या भिंतीला आता काठीही नव्हती. तिसऱ्या रविवारी तीनच मिनिटं झाली, कारण मी पोल्यूशनचं उत्तर आधीच देऊन टाकलं.

मला राग आला. खरंच आला. गाठ चुकीची होती तर चुकीची म्हणायची नाही? एवढं नाजूक असून कसं चालेल? दोन दिवस मी स्वतःशी भांडत घरात फिरलो. मंगळवारी सकाळी गच्चीवर गेलो तेव्हा मीनाक्षीबाई तिथे पापड वाळत घालत होत्या. मी काठी उचललीसुद्धा नाही. त्यांना म्हणालो, आजकालच्या मुलांना काही शिकवायची सोय नाही राहिली. आणि सगळी हकीकत सांगितली: नदी, मासा, तुटलेलं आमिष, थरथरते हात, चुकीची गाठ, बरोबर गाठ, आणि त्यानंतरचा हा रुसवा.

त्यांनी पापड ठेवला. मला वाटलं आता काहीतरी खोचक बोलतील. पण त्या सरळ म्हणाल्या, "उसके हाथ क्यों काँप रहे थे?"

मी तोंड उघडलं.

"मैंने पूछा नहीं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा पापडांकडे वळल्या. शाळेत बत्तीस वर्षं काढलेल्या बाईने याहून जास्त काही बोलू नये, ही मोठीच दया होती. मी जिना उतरून खाली आलो आणि स्वयंपाकघरात उभा राहिलो. लाज वाटली. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. पोरगं गुडघाभर पाण्यात एकटं उभं राहून आलं होतं आणि ते सांगायला त्याने जगातला एकच माणूस निवडला होता. त्या माणसाने त्याला गाठ शिकवली.

आमच्याकडची पद्धत अशी, की फोन त्याने करायचा आणि मी घ्यायचा. आपण केला तर त्याच्या कामात व्यत्यय येतो, मीटिंग असते, असं प्रमोदिनीनेच घालून दिलं होतं. बुधवारी संध्याकाळी साडेसहाला मी ती पद्धत मोडली. तिथे सकाळचे नऊ वाजले होते. दुसऱ्याच रिंगला त्याने उचलला.

"बाबा? काय झालं? बरे आहात ना?"

"मी बरा आहे. मला काही झालं नाही."

"मग? आज बुधवार आहे."

"माहीत आहे." मी दुपारपासून वाक्य जुळवत होतो. चौतीस वर्षं मसुदे हाताळलेल्या माणसाला नऊ शब्द जुळेनात. "अवी, त्या दिवशी नदीत तुझे हात का थरथरत होते?"

फोन कटला असं वाटून मी स्क्रीन बघितली. कटला नव्हता. व्हिडिओ त्याने बंद ठेवला होता, नुसतं नाव दिसत होतं.

"ते होय," तो म्हणाला. "थंडी होती, बाबा. पाणी एकदम बर्फ होतं."

त्या नदीच्या पाण्याचं तापमान तिथली एक संस्था रोज वेबसाइटवर टाकते, आणि मी ते रोज बघतो. त्या शनिवारी पहाटे पाणी बावीस अंश होतं. बावीस अंशांच्या पाण्यात माणूस मजेत पोहतो. आकडा माझ्या जिभेवर आला होता. तारखेसकट, वेळेसकट.

"असेल," मी म्हणालो. "पहाटेचं असतं थंड."

"हं."

पुढे मी काही बोललो नाही. त्यानेही फोन ठेवला नाही. त्याच्याकडे कुठेतरी नळ ठिबकत होता, तो मला इकडे ऐकू येत होता. वॉशर बदलायला हवा होता. आमच्याकडे खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी मागे घेत होतं. मी खुर्चीचा हात धरून बसलो होतो.

"बाबा," तो खूप वेळाने म्हणाला. "नीला..."

आणि पुढे त्याला येईना. ते वाक्य मला फेब्रुवारीपासून पाठ होतं. मी ते त्याला सहज पुरं करून देऊ शकलो असतो, नेमक्या शब्दांत. मी ओठ घट्ट मिटून घेतले आणि त्याला लागेल तेवढा वेळ बसून राहिलो.